डोमाजीची एक्केचाळीस भोकं

सिमेंट गनचं काम कधी पाहिलंय का? नसेल तर आधी तेवढं सांगून टाकतो. एका मशीनमध्ये रेती आणि सिमेंट मिसळून भरायचं. कॉम्प्रेसरची हवा ते रबरी पाइपातून पुढं ढकलते. पाइपाच्या टोकाला नोजल. तिथं पाणी येऊन मिळतं, आणि तो माल सणसणत जाऊन डोंगरावर आपटतो आणि चिकटतो. पण सगळाच चिकटत नाही. चार टोपल्यांमागं एखादं टोपलं उडून खाली पडतं. त्याला आम्ही रिबाउंड म्हणायचो. भिंतीवर चिकटलं ते सरकारचं, खाली पडलं ते कोणाचंच नाही.

किस्से असेच खाली पडलेले असतात. साहेबांच्या रिपोर्टात ते चिकटले नाहीत, म्हणून मी झाडून गोळा केले. कोणी चहा पाजला की एखादा काढतो. आज तुम्ही पोहेसुद्धा ठेवलेत, तेव्हा सगळा ढीगच घ्या!

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. आमगावहून दरेकशाकडे जाताना रेल्वेची लाइन डोंगर कापून जाते. त्या कापलेल्या कडांचा दगड ठिसूळ. त्याला जाळी ठोकून वरून सिमेंटचं अस्तर मारायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं. साहेब होते सबनीस, पुण्याचे. मी कॉम्प्रेसरवाला. गोंदियाचा माणूस, दोन इयत्ता इंग्रजी शिकलेला, त्यामुळे कॅम्पात माझी कॉलर जरा कडक असायची.

*

मशीन आलं ते ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "उद्या सकाळी आठ वाजता ट्रायल."

टोपलेवाल्यांतला एक उंच, काळा, हाडाचा माणूस पुढं आला. हा डोमाजी. नवेगावकडचा, गावोगावी तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरातला. म्हणाला, "उद्या जमत नाही जी. उद्या पोळा हाय."

"म्हणजे तुम्हाला सुट्टी हवी."

"आमाले नोको जी, आमी येऊ. त्याले सुट्टी पाह्यजे." आणि त्यानं माझ्या कॉम्प्रेसरकडे बोट केलं.

"अरे, ते इंजिन आहे!"

"ओढून तं तेच राह्यलं ना जी. जो ओढते त्याले पोळ्याले जुपत नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवाला, शिकलेला, माझ्याकडून त्यांची अपेक्षा होती. मी आभाळाकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या ओढायच्या दांडीला हळद आणि लोणी लागलं, कारण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात, आणि याचा खांदा तोच! दुसऱ्या दिवशी गेरू, घुंगरं, बेगड, झेंडूची माळ आणि रेडिएटरपुढं पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी मी हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. एरवी त्याला दहा झटके आणि दोन शिव्या लागत.

"तुम्ही घासूनपुसून घेतलंत ना, त्याचा परिणाम," साहेब म्हणाले. आम्ही म्हटलं, होय जी.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तसे साहेब आपणहून विचारायला आले, "डोमाजी, पोळा कितव्या तारखेला पडतोय? मशीनचं वेळापत्रक लावायचं आहे."

*

नोजल धरायला कलकत्त्याहून एक दासबाबू आणले होते. मोठा कसबी माणूस, पांढरे हातमोजे घालून नोजल धरायचा. पण त्यांना जंगलाचं वावडं. पान हललं तरी विचारायचे, "क्या है? क्या है?"

एका सकाळी रेतीच्या ढिगावर वाघाचा पंजा उमटलेला. ताजा, बशीएवढा. दासबाबू जागच्या जागी थिजले. रेती चाळणाऱ्या बायांची मुकादम होती सोनाबाई, कचारगडाजवळच्या गावची गोंड बाई. ती चाळणी घेऊन आली, पंजा पाहिला, आणि दासबाबूंना म्हणाली, "सरका जी बाजूले. तेवढा चाळून टाकतो."

"अरे, शेर था!"

"होता ना. गेला. रेती आपलीच हाय."

तिनं पंजा चाळून टाकला. दासबाबू दुपारच्या पॅसेंजरनं गेले ते गेलेच. वाघानं आमची शेळीसुद्धा नेली नाही, पण नोजलमन मात्र नेला!

*

आता नोजल धरायचं कोणी? साहेबांनी कलकत्त्याला पत्रं घातली, उत्तर नाही. तेव्हा डोमाजी टोपलं बाजूला ठेवून उभा राहिला. "तीन महिने पाहून राह्यलो जी. मी धरतो."

साहेबांनी त्याची मनगटं नीट पाहून घेतली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण एक पावसाळा. पावसाळ्यात भिंत उभी राहिली तर तू नोजलमन. पडली तर पुन्हा टोपलं. आणि तोवर तुला कोणी नोजलमन म्हणायचं नाही. हजेरीवर तू मजूरच."

पगाराचं डोमाजीनं विचारलंसुद्धा नाही. नंतर बिडी ओढताना मला म्हणाला, "माह्या आज्याले चार गावचे लोक 'पाळवाला' म्हनत. तलावाची पाळ बांधे ना तो. बापाले बी म्हनत. आता तलाव सरकार बांधते. मले कोनी काहीच म्हनत नाही गा."

एवढंच बोलला. पण मला कळलं की त्याला काय पाहिजे. तेव्हापासून ती भिंत मला माझीच वाटायला लागली.

*

डोमाजीचा पहिला दिवस. मी हवा सोडली, पाइप अजगरासारखा उसळला आणि डोमाजीला घेऊन अर्धा फेरा मारून आला. माल डोंगराऐवजी चारी दिशांना गेला. आम्ही सगळे आडवे पडलो म्हणून वाचलो. साहेबांनी आपली हॅट एका दगडावर काढून ठेवली होती, ती मात्र उभीच राहिली आणि त्या माऱ्यात पुरती सापडली.

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं ती हॅट दोन्ही हातांनी उचलून आणली आणि साहेबांपुढं ठेवली. ठक् आवाज झाला.

"माफी करा जी. पन आता पक्की झाली. गारा पडल्या तरी चिंता नाही."

साहेबांनी ती उचलून पाहिली. मान मोडेल एवढं वजन! सोनाबाई मागं उभी होती. तिनं विचारलं, "तुमाले नोको असंल तं मले द्या जी. कोंबड्या पानी पितीन."

पुढची दोन वर्षं सोनाबाईच्या कोंबड्या साहेबांच्या हॅटमधून पाणी प्यायल्या. तिच्या दारावरून जाताना साहेब न चुकता दुसरीकडे पाहायचे.

*

या कामात रेतीचा ओलावा नेमका लागतो. फार कोरडी झाली तर नुसती धूळ उडते, फार ओली झाली तर पाइपात माल अडकतो. साहेबांनी त्यासाठी सामान आणलं. तराजू, स्टोव्ह, तवा. रेती तोलायची, तव्यावर भाजायची, पुन्हा तोलायची, आणि वहीत हिशेब करायचा. साहेब स्टोव्हपुढं उकिडवे बसलेले पाहून सोनाबाई थबकली.

"काऊन जी, रेतीचे भजे काढून राह्यले का?"

साहेबांनी तिला शांतपणे सगळं शास्त्र समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग वाकून रेतीची मूठ भरली, दाबली, आणि उघडली. हातावर रेतीचा लाडू. दुसऱ्या हाताचं बोट लावलं, लाडू फुटला. तळहात साहेबांपुढं धरला, "लाडू झाला पाह्यजे, हात ओला नाही झाला पाह्यजे. बस, इतकंच."

साहेबांनी ईर्षेनं तीन दिवस ताडून पाहिलं. रोज तवा आणि लाडू एकच सांगायचे. चौथ्या दिवशी स्टोव्हवर चहा चढला. वहीत ओलाव्याच्या रकान्यात साहेबांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'लाडू ठीक.'

हेड ऑफिसातून विचारणा आली की कामावर लाडू कोणाला आणि कशाबद्दल वाटले जात आहेत!

*

आता माझी फजिती. दुसऱ्याच्या फजित्या सांगून आपली लपवणारा माणूस बेइमान.

रिबाउंडचा माल पुन्हा वापरायचा नाही असा साहेबांचा सक्त हुकूम होता. त्यातलं सिमेंट भिंतीवर राहिलेलं असतं, खाली येते ती बहुतेक नुसती रेती. हे मला चांगलं माहीत होतं. तरी फुकटचं पाहून माझा हात सुटला. कॅम्पातल्या माझ्या झोपडीमागं मी त्या मालाचा ऐसपैस न्हाणीचा ओटा बांधला. वरून पाणी मारून गुळगुळीत केला. बायको खूश. तिनं लगेच आमगावला माहेरी निरोप धाडला.

सासरे आले. धानाची शेती करणारा, अंगानं भरदार माणूस. दुपारी अंघोळीला ओट्यावर बसले. पहिला तांब्या डोक्यावर घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला ओटा बसला. सासरे ओट्यासकट खाली गेले. मी धावलो. ते चिखलात मांडी घालून बसलेले, तांब्या हातात तसाच.

"जावईबापू, डोंगर बी ह्याच मालानं थांबवून राह्यले का?"

मी जीव तोडून सांगितलं की तो माल वेगळा, हा वेगळा. त्यांनी सगळं ऐकलं. निघताना मुलीला म्हणाले, "बाई, आमी बैलगाडीनंच जातो. त्या डोंगराखालून रेल जाते."

*

डोमाजीचा हात मात्र महिनाभरात असा बसला की पाहत राहावं. पण माल मारण्याआधी तो एक भलतंच करायचा. पहाटे, ऊन यायच्या आत, कड्याजवळ जायचा आणि दगडाला गाल लावून उभा राहायचा. हातभर सरकायचा, पुन्हा गाल लावायचा. कुठं कोळशानं फुली मारायची. साहेबांना वाटलं की डोंगराची पूजा चाललीय, म्हणून त्यांनी दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"पानी पाहून राह्यलो जी. जठी आतून पानी हाय, तठी दगड गालाले थंडा लागते."

अस्तराच्या मागं पाणी साचू नये म्हणून भिंतीत भोकं ठेवतात, हे पुस्तकातही आहे. ड्रॉइंगमध्ये तशी बारा भोकं दाखवली होती, सारख्या अंतरावर, ओळीत. डोमाजीनं बाराच्या बारा ठेवली, आणि शिवाय प्रत्येक फुलीवर एक. एकूण एक्केचाळीस झाली! भिंत देवी आल्यासारखी दिसत होती.

तेवढ्यात खबर आली की मेच्या अखेरीस बडे साहेब तपासणीला येणार. सबनीस साहेबांनी ड्रॉइंग उघडलं, भिंत पाहिली, आणि त्यांना घाम फुटला.

"डोमाजी, जास्तीची एकोणतीस बुजवून टाक. ड्रॉइंगमध्ये नाहीत ती भिंतीत दिसता कामा नयेत. मला लेखी उत्तर द्यावं लागेल."

"पानी कोठून जाईल जी?"

"बारा आहेत ना!"

"पान्यानं कोठी पाह्यलं तुमचं ड्रॉइंग?"

सोनाबाईनंही तोंड घातलं. "आमची कचारगडची गुफा पाह्यली का साहेब? एवढी मोठी हाय, सिमेंटाचा ठिपका नाही. आतून पानी टपकू देते, म्हनून उभी हाय."

साहेब वाईट नव्हते. पण वरचं नाव निघालं की त्यांना ड्रॉइंगपलीकडे काही दिसायचं नाही. म्हणाले, "हुकूम आहे. बुजवा."

डोमाजी गप्प झाला. इतका चटकन गप्प झाला की मला शंका यायला पाहिजे होती. त्या दुपारी सोनाबाई पळसाच्या पानांनी झाकलेलं टोपलं डोक्यावर घेऊन भिंतीकडे जाताना दिसली. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, "जेवन." मी म्हटलं, एवढं? तर म्हणाली, "डोमाजीले भूक लय लागते." एवढं जड जेवण मी आजवर पाहिलं नाही, पण मी कशाला बोलतोय!

बडे साहेब आले, त्यांनी भिंतीवर काठी ठोकून पाहिली, ओळीतली बारा भोकं मोजली, आणि म्हणाले, "व्हेरी नीट." सबनीस साहेबांच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं रक्त आलं.

*

जुलैत झड लागली. आमच्याकडची झड तुम्हाला ठाऊक आहे, सूर्य कुठं राहतो ते विसरायला होतं. पहिल्या सकाळीच डोमाजी घोंगडं पांघरून भिंतीखाली जाऊन बसला. पाठ भिंतीला टेकवून.

मी भाकरी घेऊन गेलो आणि ओरडलो, "डोमाजी, पागल झालास का? भिंत आली तर?"

"तं पह्यले माह्यावर येईल."

"अरे पण कायले?"

"आज्यानं पाळ बांधली की पह्यल्या झडीत पाळीवरच बसे. बाप बी बसे. ज्यानं बांधलं त्यानं बसावं. आमच्या घरची रीत हाय गा."

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. तरी त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. बसलो नाही. भाकरी ठेवली आणि परत आलो, आणि याची मला अजून लाज वाटते. तो रोज उजाडल्यावर जायचा, अंधार पडताना उठायचा. दोन दिवस ओळीतली बारा भोकं वाहत होती, बाकीची भिंत गप्प.

तिसऱ्या दिवशी सबनीस साहेब ट्रॉलीवर आले. एका हातात छत्री, कोटाच्या आत जपून गुंडाळलेलं ड्रॉइंग. रात्रभर झोपले नसावेत. मला म्हणाले, "चल. बारा भोकांनी एवढं पाणी जाणार नाही. मी चुकलो बहुतेक."

वळणावरून आम्ही पुढं आलो आणि दोघंही थांबलो. भिंत उभी होती. आणि तिच्यातून धारा चालल्या होत्या. वरून, खालून, मधून, जाड, बारीक, जिथं जिथं कोळशाची फुली होती तिथून. खाली डोमाजी आपल्या जागी बसलेला.

साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "डोमाजी, भोकं बुजवायला सांगितली होती ना मी?"

"बुजवलो होतो जी."

"कशानं?"

"तलावातली माती आन् धानाचं तनस. वरतून सिमेंटाचा हात. कशानं बुजवाचं ते तुमी सांगतलं नोयतं जी."

साहेबांनी छत्री माझ्या हातात दिली, ड्रॉइंग उघडून समोर धरलं आणि भिंतीच्या धारा मोजायला लागले. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग ते ओरडले.

"चाळीस आहेत. एक बंद आहे. एका जागी पाणी अडलंय. डोमाजी, ऊठ! बाजूला हो तिथून!"

"अडलं नाही जी," डोमाजी म्हणाला. "ते माह्या पाठीमागं हाय. सगळ्यात मोठं तेच. निंगते का नाही, ते पाठीले कळलं पाह्यजे ना. सकाळपासून पाठ भिजून राह्यली."

आणि तो उठला.

मनगटाएवढी धार सुटली ती थेट साहेबांच्या ड्रॉइंगवर. मी छत्री पुढं केली, पण साहेबांनी हातानं ती बाजूला सारली. ड्रॉइंग तसंच धरून उभे राहिले. शाई पसरली, ओळ गेली, बारा भोकं एकेक करून पुसली गेली. कागद लिबलिबीत झाला तेव्हा त्यांनी तो हळूच घडी घालून खिशात ठेवला आणि चष्मा पुसला.

"नवीन काढावं लागणार," ते म्हणाले. "काय नोजलमन, भोकं किती दाखवू?"